पैसा सोडा, गाडी बोला!

मागच्या अंकात सहज एक ओळ टाकली होती, की समजा पैशाचा विषयच नाही, कर्ज नाही, हप्ता नाही, घरी कोणी विचारणारं नाही, तर कोणती गाडी घ्याल? टाकली अन फसलो राजेहो. एवढी पत्रं तर बोंडअळीच्या वर्षीही आली नव्हती. काही कागदावर, बाकी सगळी व्हॉट्सॲपवर, एकानं तर बोलूनच पाठवलं अन मागून त्याची म्हैस त्याच्यापेक्षा जोरात बोलते आहे. सगळी घेणं जमणार नाही. नावं पण टाकत नाही, कारण निम्म्या लोकांनी खाली लिहिलंय, 'घरी माहीत पडू देऊ नका.'

प्रश्न : भाऊ, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले आहो. समृद्धी आमच्या वावरातून दिसते, रोज गाड्या मोजतो. मले बुगाटी पायजे, बाकी काही नको. नागपूरहून मुंबईले किती वेळात पोचीन? (एक विद्यार्थी, कारंजा लाड)

बीएस्सीवाला आहेस तर गणितच करू. बुगाटी वेरॉन २००५ साली आली. आठ लिटरचं इंजिन, १६ सिलिंडर, चार टर्बो, १००१ हॉर्सपॉवर. आपल्याकडचा ट्रॅक्टर साधारण पन्नास एचपीचा धर, म्हणजे वीस ट्रॅक्टर एका गाडीत कोंबले. टॉप स्पीड ताशी ४०७. समृद्धी ७०१ किलोमीटर, भागाकार केला तर पावणेदोन तासाच्या आत मुंबई, म्हणजे तुझा चेहरा आता खुलला असेल. पण थांब. टाकी शंभर लिटरची अन फुल स्पीडनं ती बारा मिनिटांत कोरडी. बारा मिनिटांत होतात एक्क्याऐंशी किलोमीटर. नागपूरहून सुटलास की वर्धा जिल्ह्यातच बाजूला उभा राहून हात दाखवायचा, अन तिथून कारंजा केवढं तरी दूर. वरून कारला तिथं १२० ची लिमिट आहे, कॅमेरे आहेत, म्हणजे हजार घोड्यांपैकी नऊशे तर घरीच बांधून ठेवायचे.

अन समृद्धीवरून उतरून गावात येशील ना, तेव्हा खरा पेपर. गणपतीच्या वेळी पोरांनी मुरूम टाकून जो ब्रेकर केला, तो डांबरानं मोठा झाला, तो आहे का अजून? बुगाटीचं पोट त्याच्यावर टेकेल अन चारही चाकं नुसती बघत राहतील. घे, पण टोलनाक्याजवळ एक खोली बांधून तिथंच ठेव.

प्रश्न : लॅम्बोर्गिनी घ्यावी म्हणतो. पण आमचे वडील म्हणतात का ते ट्रॅक्टरची कंपनी होय. ते मले येड्यात काढून रायले का? (दर्यापूर)

वडील बरोबर आहेत, आधी त्यांना चहा पाजा. फेरुचिओ लॅम्बोर्गिनी हा इटलीतल्या शेतकऱ्याचा पोरगा, घरी द्राक्षं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचं भंगार खूप पडलेलं होतं, त्याच्यातले इंजिन अन पार्ट जोडून यानं ट्रॅक्टर काढले, १९४८ ला कंपनी टाकली. पैसा आला, मग शौक आला, अन १९६३ मध्ये कारची कंपनी. निशाणी बैलाची, कारण त्याची रास वृषभ. पुढं मॉडेललाही बैलांचीच नावं, आव्हेंटाडोर हा स्पेनमधला झुंजीचा बैल, अन मिउरा तर असे बैल पैदा करणाऱ्या घराण्याचं नाव.

आता सांगा, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, माणसाला याच्यात नवीन काय आहे? तळेगाव दशासरच्या पटात दाणीवर, म्हणजे पळायच्या पट्टीवर, जोडी सुटते, सेकंदाच्या काट्यावर निकाल लागतो अन बैलाचं नाव मालकाच्या आधी घेतात. मधे कोर्टाच्या बंदीनं दाण्या ओस पडल्या होत्या, २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यतीला परवानगी देणारा कायदा मान्य केला तेव्हा कुठं पट पक्का झाला. माझं मत विचाराल तर लॅम्बोर्गिनीचा ट्रॅक्टर घ्या. त्या नावाचे ट्रॅक्टर अजून निघतात, कंपनी मात्र आता कारवाल्यांपेक्षा वेगळी आहे. वडील पण बसतील अन तुम्ही पण फोटो टाकाल.

प्रश्न : भाऊ, सगळे कारच मागतीन. मले कापूस वेचाची मशीन पायजे, ते अमेरिकेत रायते तशी. वेचाले बाया भेटत नाही, भेटल्या तर किलोचा भाव ऐकून आपणच ओटी बांधाव वाटते. पैशाचा प्रश्न नाही म्हणता तं आणून द्या. (एक ताई, मारेगाव तालुका)

ताई, सगळ्या पत्रांत हे एकच वाचून मी उठून पाणी प्यायलो. जॉन डिअरची सीपी ६९० म्हणून मशीन आहे, बहुतेक तीच तुम्ही मोबाईलवर पाहिली असेल. एका फेरीत सहा तास, म्हणजे कापसाच्या सहा ओळी, वेचते. आत ओल्या चात्या गरगर फिरतात, बोंडातला कापूस त्यांना गुंडाळतो, मग दुसरी चकती तो ओरबाडून घेते, हवेनं मागं जातो, अन पोटातल्या पोटात त्याचा दोन टनाच्या वरचा गोल गठ्ठा होऊन प्लास्टिकात गुंडाळून मागून पडतो, जशी गाय वासरू टाकते. ड्रायव्हर खाली उतरत पण नाही.

पण ती मशीन आपल्या पऱ्हाटीत घातली तर काय होईल ते सांगतो. तिकडे औषध मारून आधी पानं गाळतात, बोंडं जवळपास एका वेळी फुटलेली असतात, एकदा मशीन गेली की शेत साफ. आपल्याकडं शीतादहीची पूजा करून पहिला वेचा होतो तेव्हा वरची बोंडं हिरवी असतात. मग दुसरा वेचा, तिसरा, अन कोणी मोह सोडत नाही तर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून घेतलेला कापूस. मशीन फुटलेलाच कापूस ओढते, पण रेटारेटीत काही हिरवी बोंडं पण झोडपून खाली पाडेल. झाडं डोक्याएवढी, फांद्या एकमेकीच्या गळ्यात. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सघन लागवडीचं सांगते, बुटकी झाडं जवळ जवळ लावायची, बोंडं एकदमच फुटणारी, त्याच्यात पुढं मशीनला जागा आहे. म्हणजे ताई, पैसे असले तरी आधी बियाणं बदला, मग पेरणी बदला, अन शेजारच्या चार जणांचे धुरे, म्हणजे बांध, मोडून एक चाळीस-पन्नास एकराचं शेत करा, नाही तर तीन एकरात त्या धुडाला नुसतं वळायलाच एक एकर लागेल. धुरे मोडायचं काम मात्र जॉन डिअरकडून होणार नाही, त्याला तलाठी लागतो अन वीस वर्षं लागतात.

प्रश्न : माझे वय ७४. मला मोटार नको, रेल्वे हवी. आमची शकुंतला. भाव काय पडेल? (दारव्हा)

काका, नमस्कार. मोटारीचा प्रश्न विचारला तर तुम्ही रेल्वेच मागितली, मानलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही छोट्या रुळाची गाडी, रुळात अंतर फक्त अडीच फूट. किलिक निक्सन कंपनीनं कापसासाठी टाकलेली. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, मुंबईला जायचा, तिथून जहाजानं मँचेस्टरला. अन गंमत पाहा, गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ साली त्याच मँचेस्टरला तयार झालेलं. ते १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं, मग गाडीच बंद. काकांनी पत्रात लिहिलंय की दारव्हा मोतीबागच्या अलीकडे उतरून बोरं तोडून परत त्याच डब्यात चढता यायचं. ती गाडी ज्यानं पाहिली तो याला थाप म्हणणार नाही.

भाव मी काय सांगू, रूळ उपटून रुंद करायची बोलणी चालतात तिथं भाव पुढारीच सांगतील. पण पैशाचा विषय नाही ना? मग रुंद नका करू. अडीच फुटाचाच रूळ नवीन टाका, रोज डिझेल अन रविवारी वाफेचं इंजिन. दार्जिलिंगला दोन फुटाच्या रुळावर अजून वाफेचं इंजिन पळतं अन लोक त्याच्यासाठी विमानानं येतात. इथं लोक यवतमाळहून दारव्ह्याला भरीत खायला येतील. एक अडचण आहे, बॉयलरला पाणी लागतं, अन एप्रिलमध्ये आपल्याकडं माणसालाच टँकर.

प्रश्न : थार घेऊ का लँड क्रूझर? आमची पांदण तुमाले माहीत हाय. (नेर तालुका)

माहीत हाय? अहो, वावराकडं जायच्या त्याच कच्च्या वाटेत, पांदणीत, मी लहानाचा मोठा झालो. ऑगस्टचा महिना, फवारणीचं औषध हँडलला अडकवलेलं अन मी फटफटीवर. आपली काळी माती, चाकाला चिकटते, चाकाची मडगार्डात जाते, तिथं ठासून बसते, गुळाच्या ढेपीसारखी. तुरीची काडी घेऊन उकरायचं, पन्नास पावलं जायचं, परत उकरायचं. शेवटी चाक फिरायचंच बंद झालं. गाडी तिथंच सोडून अनवाणी घरी आलो. सकाळी गेलो तर कोणीतरी सीटवर खताचं रिकामं पोतं टाकून ठेवलेलं, वर दगड. कोण होता ते आजपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून पुढचं मडगार्ड मी काढूनच टाकलं, आमच्याकडं बऱ्याच जणांच्या गाडीला ते नसतंच.

तर थार चांगली आहे, फोर बाय फोर आहे, पण रोडचे टायर असले तर पांदणीत फोर बाय फोर म्हणजे दोनाऐवजी चार चाकं जागच्या जागी फिरणार, एवढंच. लँड क्रूझर १९५१ पासूनची, त्यातली ७० सिरीज १९८४ ची अन आजही निघते, ऑस्ट्रेलियाच्या रानात तीच चालते. पण तुमच्याकडं खरंच पैशाचा विषय नसेल तर तिसरंच नाव सांगतो, मर्सिडीजची उनिमोग.

ही गाडी शेतकऱ्यासाठीच जन्मली. युद्धानंतरच्या जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिश नावाच्या इंजिनिअरनं काढली, अन दोन चाकांतलं अंतर ठेवलं १२७० मिलिमीटर. का? तर बटाट्याच्या दोन ओळींची रुंदी तेवढी होती. इंजिनिअरनं आधी वावर मोजलं, मग गाडी काढली, असं कोणी आपल्या डवरणीसाठी केलंय का? पहिलीचं इंजिन पंचवीस एचपीचं, वेग ताशी पन्नास. आख चाकाच्या मधोमध न जाता वरून जातो अन चाकापाशी गिअर लावून खाली उतरतो, त्यामुळं गाडीचं पोट जमिनीपासून भरपूर उंच. आता आपली जुनी बंडी आठवा. छातीएवढं लाकडी चाक कशासाठी होतं? आख उंच राहावा म्हणून, अन धाव अरुंद कशासाठी, तर चिखल कापून खालच्या कडक जमिनीला टेकावी म्हणून. आजोबाच्या सुताराला हे माहीत होतं, फक्त त्यानं पेटंट नाही घेतलं.

बिघडली तर मात्र तालुक्याचा मिस्त्री तिला हात लावणार नाही, तो बारा-तेराचा पाना घेऊन तिच्याभोवती तीन चकरा मारेल अन म्हणेल, पार्ट नाही भेटत. जर्मनीहून मिस्त्री आणून गावातच ठेवा. पगारासोबत रोडगे अन वांग्याची भाजी लावून द्या, परत जायचं नाव काढणार नाही.

याच विषयावर एकानं नियम मोडला. तो लिहितो, 'गाडी नको, तेवढ्या पैशात पांदणीचं खडीकरण करतो.' भाऊ, आयडिया बरी आहे पण मुरूम टाकला की दुसऱ्या पावसाळ्यात तो खाली अन काळी वर, बाजूच्या नाल्या आधी काढा. अन हे गाडीचं सदर आहे.

प्रश्न : नवी कोरी आरएक्स १०० पायजे. (वरूड)

नवी मिळणार नाही, १९९६ ला बंद झाली. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, टू स्ट्रोक, धुराच्या नियमात अडकली. ज्याच्याकडं चांगली आहे तो विकत नाही, अन जो विकतो त्याची चांगली नाही. पैसे असतील तर दोन जुन्या घ्या अन एक करा. सायलेन्सर ओरिजिनल पाहा, तो आवाजच तर पाहिजे तुम्हाला.

प्रश्न : मुलीचे लग्न मे महिन्यात आहे. नवरदेव हेलिकॉप्टरनं यावा अशी तिची इच्छा. भाड्यानं नको, विकतच घ्यावं म्हणतो. मांडवासमोरच उतरलं पाहिजे. (पुसद)

काका, रॉबिन्सन आर ४४ घ्या, चार सीटचं, छोट्यांत चांगलं नाव आहे. पायलट धरून चार हं. म्हणजे येताना नवरदेव अन दोघं, अन ते दोघं कोण यावरून मुलाकडच्यांत जी भांडणं लागतील त्याच्यात तुम्ही पडू नका. जिल्हाधिकारी अन पोलीस, दोन्हीकडची परवानगी आधी काढा, उतरायला तार अन झाड नसलेली मोकळी जागा पाहा.

पण मांडवासमोर नका उतरवू. पंख्याची हवा खाली किती जोरात येते ते तुमच्या डेकोरेशनवाल्याला माहीत नाही. मे महिन्यातलं नांगरलेलं वावर, सगळा धुराळा बुंदीच्या कढईत, पत्रावळी अर्ध्या गावात, अन मांडव नवरदेवाच्या आधी उडून सासरी पोचेल. दोन वावरं सोडून उतरवा. तिथून त्याला दमणीत बसवून आणा, बैलांना झुली घाला, अन चांगल्या हाताचा गाडीवान पाहून ठेवा, कारण वरून हेलिकॉप्टर परत उठलं की बैल उधळणार.