‘फाइट विथ’ म्हणजे त्याच्याशी लढणे की त्याच्या बाजूने लढणे?

‘विथ’ म्हणजे सोबत, मग ‘फॉट विथ हिम’चा अर्थ ‘त्याच्याशी लढला’ कसा, असं तुम्ही विचारलंय. शंका अगदी रास्त आहे. उलगडा असा की ‘विथ’चा मूळ अर्थच ‘विरुद्ध, समोरासमोर’ होता. साधारण ११५० पर्यंतच्या जुन्या इंग्रजीत सोबतीसाठी ‘मिड’ हा वेगळा शब्द होता. जर्मनमधला ‘मिट’ त्याचाच भाऊबंद. पुढच्या शतकांत ‘विथ’ने त्याची जागा बळकावली. ‘मिड’ उरला तो ‘मिडवाइफ’मध्ये. तिथे ‘वाइफ’ म्हणजे बायको नव्हे, बाई. बाळंतपणात बाईच्या सोबत असते ती मिडवाइफ, आपली सुईण. ‘विथ’चा जुना विरोध ‘विथस्टँड’मध्ये अजून दिसतो: एखाद्या गोष्टीपुढे टिकून राहणे.

आपली मराठी इथे जास्त नेमकी आहे. खासबागेत पैलवान एकमेकांशी लढतात, सीमेवर जवान एकमेकांच्या बाजूने लढतात, घोटाळा नाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘विथ’ चालतो, म्हणून लिहिताना विरोधासाठी ‘अगेन्स्ट’ आणि बाजूने लढण्यासाठी ‘अलाँगसाइड’ वापरा.

खऱ्या चुका होतात त्या मात्र आपल्या ‘ने’मुळे. ‘आईने सुरीने कांदा चिरला’ यात ‘ने’ दोनदा आला, पण कामं दोन आहेत. इंग्रजीत कर्मणी वाक्य केलंत तर करणाऱ्याला ‘बाय’ लागतो आणि हत्याराला ‘विथ’: बाय मदर, विथ अ नाइफ. वाहनाचा ‘ने’ तिसराच. कोल्हापूरहून पुण्याला बसने गेलो तर ‘बाय बस’, मध्ये ‘अ’ किंवा ‘द’ नाही. स्वतःच्या गाडीने गेलात तर ‘बाय माय कार’ चुकीचं, ‘इन माय कार’ म्हणा. थंडीने कुडकुडताना ‘विथ कोल्ड’, पण तापाने माणूस गेला तर ‘डाइड ऑफ फीव्हर’.

आपल्या ‘शी’चं भाषांतरही डोळे झाकून ‘विथ’ करू नका. ‘तिच्याशी लग्न झालं’ हे ‘मॅरिड टू हर’. ‘त्याच्याशी या विषयावर चर्चा केली’ यात ‘विथ हिम’ बरोबर, पण ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको; विषय थेट येतो: ‘डिस्कस्ड द मॅटर विथ हिम’.