वाचकांचे प्रश्न : पाकीट फेकण्याआधी

प्रश्न : मी घरी भाजणीची चकली करून ओळखीत देते. आता मे महिन्यात एका प्रदर्शनात स्टॉल मिळतोय आणि सोसायटीखालचा दुकानदारही पाकिटं ठेवायला तयार आहे. परवाना लागेल का? लेबलवर नेमकं काय लिहायचं?
(पाचपाखाडी, ठाणे)

परवाना नाही, पण नोंदणी हवी, आणि ती पहिलं पाकीट विकण्याआधी. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा 2006चा; त्याखालचे नियम 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाले. लहान उत्पादकाला नोंदणी पुरते, मोठ्याला परवाना लागतो. 2011च्या नियमांत ही रेघ वर्षाला 12 लाखांच्या उलाढालीवर आखली होती. रेघ नियमांसोबत सरकते, त्यामुळे 'फॉस्कॉस' या सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना उलाढाल खरी टाका. तुमचा व्यवसाय कोणत्या वर्गात बसतो, हे तिथेच समजतं. नोंदणीला फॉर्म 'अ' भरायचा, सोबत फोटो आणि ओळखीचा पुरावा. सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची असा नियम आहे. एजंट यासाठी हजारो रुपये मागतात. अर्ज एका संध्याकाळी घरबसल्या भरून होतो, तेव्हा तो स्वतःच भरा.

नोंदणीचा क्रमांक 14 अंकी असतो. पहिला अंक 2 म्हणजे नोंदणी, 1 म्हणजे परवाना. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे 15. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ठाण्यातल्या घरगुती चकलीचा क्रमांक 215ने सुरू होणार. दुकानातली पाकिटं तपासतानाही ही खूण कामी येते. क्रमांक खरा की छापून टाकलेला, हे त्याच पोर्टलवर कळतं.

आता लेबल. 250 ग्रॅमचं पाकीट धरू. नाव : भाजणीची चकली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने : भाजणीचं पीठ (तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूगडाळ, धने, जिरे), शेंगदाणा तेल, तीळ, तिखट, मीठ, ओवा, हिंग. नुसतं 'भाजणी' लिहून भागत नाही. तिच्यात काय आहे ते कंसात यायला हवं. 'खाद्यतेल' एवढंही पुरत नाही, कशाचं तेल ते लिहायचं. हिंगापाशी बहुतेक जण चुकतात. बाजारातल्या बांधणी हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. डबीवरचे घटक वाचा. गहू असेल तर तुमच्या पाकिटावर ग्लुटेनची (गव्हातल्या प्रथिनाची) ॲलर्जी-सूचना येणं भाग आहे. अशा सूचनेचे आठ गट ठरलेले आहेत : ग्लुटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर (कोळंबी, खेकडे), दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट. सीलिअॅक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, असलेल्या मुलाची आई 'चकली म्हणजे डाळ-तांदूळ' असं समजून पाकीट उचलते, आणि त्रास होतो तो चिमूटभर हिंगाचा.

पुढे निव्वळ वजन, तुमचं नाव-पत्ता, 14 अंकी क्रमांक अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) बोधचिन्हासह, बॅच क्रमांक, पोषणमूल्यांचा तक्ता, साठवण कशी करायची, आणि शाकाहाराची हिरवी खूण. लहान पाकिटावर, म्हणजे दर्शनी भाग 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर, हिरव्या ठिपक्याचा व्यास किमान 3 मिलिमीटर आणि भोवतालच्या चौकोनाची बाजू 6 मिलिमीटर. किंमत 'सर्व करांसह' लिहायची आणि शेजारी एका ग्रॅमचा दर द्यायचा. 140 रुपयांना 250 ग्रॅम असेल तर 0.56 रुपये प्रति ग्रॅम. किंमत आणि वजनाचे हे नियम वैधमापनशास्त्र, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या, विभागाचे आहेत. तिथे पॅकर म्हणून वेगळी नोंदणी असते आणि पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांत अर्ज करायचा असतो.

भाषेची अट अनेकांना ठाऊक नसते. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणं सक्तीचं आहे. मराठी त्याबरोबर जरूर घाला, पण एकटी मराठी कायद्याला चालत नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या चकलीला ही अट असावी, हे आम्हाला पटत नाही. तरी नियम आज असा आहे, त्यामुळे छपाईचे पैसे वाया घालवू नका.

मुदतीची तारीख शेजारणीच्या पाकिटावरून उचलू नका. एकाच घाण्याची दहा पाकिटं, विक्रीला वापरणार त्याच पिशवीत, घरातल्या फळीवर ठेवा आणि दर आठवड्याला एक फोडा. चकली मऊ पडली किंवा खवट वास आला तो आठवडा लिहून ठेवा आणि मुदत त्याच्या बऱ्याच अलीकडची धरा. मुदत तीन महिन्यांपर्यंत असेल तर दिवस, महिना, वर्ष तिन्ही छापायचे. चकली कोमट असताना पिशवी बंद केली तर आतली वाफ पाणी होऊन बसते आणि आठवड्यात ती सादळते. पूर्ण गार होऊ द्या. तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवलं तर खवटपणा लवकर येतो. तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल तापून बिघडताना तयार होणारे पदार्थ) 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायला कायद्यानेच बंदी आहे. घरी ते मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळपट, चिकट झालं, फेस बसेना आणि लवकर धुरायला लागलं, की ते टाकायची वेळ झालेली असते.

'घरगुती' हा शब्द छापण्याआधी 2018चे दावे व जाहिरातींचे नियम वाचा. ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या शब्दांना त्यांत मनाई आहे. उद्या वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतलात तर मात्र तो काढावा लागेल.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. 'साखर घातलेली नाही' असं लिहिलेली बिस्किटं आणतो, तरी साखर वाढते. लेबल खोटं आहे का?
(खारघर)

बहुधा खोटं नाही, अपुरं वाचलं जातंय. 'साखर घातलेली नाही' आणि 'साखरमुक्त' हे दोन वेगळे दावे आहेत. साखरमुक्त म्हणायचं तर 100 ग्रॅममध्ये साखर 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त नसावी. पहिल्या दाव्यात फक्त वरून घालण्यावर बंदी आहे. त्यात गूळ, मध, सिरप, फळांच्या रसाचा अर्क हेही आले. पण मैदा तसाच राहतो, आणि घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर ते स्टार्चपासून केलेलं असतं. तक्त्यात ते साखरेच्या ओळीत दिसत नाही, रक्तात मात्र झटकन ग्लुकोज होतं. वडिलांसाठी साखरेची ओळ सोडा आणि त्यावरची 'एकूण कर्बोदके' वाचा.

दुसरी फसगत 'प्रति सर्व्हिंग'ची. समजा 100 ग्रॅम बिस्किटांत 24 ग्रॅम साखर आहे आणि सर्व्हिंग दोन बिस्किटांची, 20 ग्रॅमची. मग पाकिटावर 4.8 ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या 50 ग्रॅमच्या साधारण 10 टक्के दिसतं. चहासोबत 100 ग्रॅमचं पाकीट संपलं की ते 48 टक्के झालेलं असतं. ही टक्केवारी निरोगी प्रौढाची 2000 किलोकॅलरी धरून काढतात. मधुमेह्याची मर्यादा त्याच्या डॉक्टरांनी ठरवायची.

प्रश्न : ऐरोलीतल्या एका डेअरीतून आणलेलं पनीर रबरासारखं लागलं. आयोडीन टाकून पाहिलं, निळं झालं नाही. म्हणजे ते शुद्ध समजायचं का?
(ऐरोली, नवी मुंबई)

नाही. आयोडीन फक्त स्टार्च पकडतं. हल्ली दुधाची चरबी काढून पामतेलासारखं वनस्पती तेल घालून जे 'पनीर' करतात, त्यात स्टार्च नसेल तर ते या चाचणीत आरामात पास होतं. मानकानुसार पनीरच्या कोरड्या भागात दुधाची चरबी किमान 50 टक्के आणि ओलावा जास्तीत जास्त 60 टक्के हवा. चरबी दुधाची की तेलाची, हे प्रयोगशाळाच सांगू शकते. वनस्पती तेलाचा पदार्थ विकणं हा स्वतःत गुन्हा नाही. तो 'ॲनालॉग', म्हणजे पनीरसारखा दुसरा पदार्थ, म्हणून, तेलाचा उल्लेख करून विकायचा असतो. त्याला पनीर म्हणणं हा गुन्हा. दुसरीकडे, नुसतं रबरासारखं लागणं हा भेसळीचा पुरावा नव्हे. दूध फार तापवून फाडलं किंवा पनीर जास्त दाबलं, तरी खरं पनीरही तसं होतं.

तुमच्या हातात अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 40 आहे, आणि ते फार थोडे ग्राहक वापरतात. कोणीही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एकच : विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की हे तपासणीला देणार आहे. घरी जाऊन, चव बघून, मग ठरवलं तर हे कलम लागू होत नाही. नमुना नापास झाला तर शुल्क परत मिळतं आणि अहवाल पुढच्या कारवाईसाठी जातो. खासगी प्रयोगशाळेतून केलेली तपासणी तुमच्या मनाची खात्री करते, पण तिला हे वजन नाही.

तेवढं जमत नसेल तर बिलासह अन्न व औषध प्रशासनाच्या ठाण्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. अन्नसुरक्षा अधिकारी पैसे देऊन नमुना घेतो, चार भाग करून सील करतो. एक भाग विश्लेषकाकडे जातो आणि त्याने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवालावर दुकानदाराला 30 दिवसांत अपील करता येतं. म्हणून तक्रारीनंतर महिना-दीड महिना काहीच हालचाल दिसली नाही तरी ती दाबली गेली असं लगेच समजू नका. तक्रारीचा क्रमांक मात्र पहिल्याच दिवशी मागून घ्या.

प्रश्न : वाशीच्या बाजारातून आणलेल्या आंब्यांच्या पेटीत पावडरच्या छोट्या पुड्या निघाल्या. हे कार्बाइड आहे का?
(नेरूळ)

पुडी दिसली म्हणजे कार्बाइडच, असं नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला पूर्ण बंदी आहे. ते करड्या खड्यांसारखं किंवा भुकटीसारखं असतं, ओलाव्याने त्यातून ॲसिटिलीन सुटतो आणि लसणासारखा उग्र वास येतो. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून बंदी. इथिलीनला मात्र परवानगी आहे, कारण फळ पिकताना स्वतःच तो वायू सोडतं. पिकवण्याच्या खोलीत त्याचं प्रमाण 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100) चालतं. इथिलीनच्या पुड्याही चालतात, मात्र पुडीचा किंवा भुकटीचा फळाला स्पर्श होता कामा नये. तुमच्या पुड्या आंब्यांना चिकटून असतील तर तेवढंही नियमबाह्य आहे. पुडीवर काही छापलं आहे का पाहा. पाण्यात टाकून प्रयोग करू नका, ॲसिटिलीन पेट घेणारा वायू आहे. फळं वाहत्या पाण्याखाली धुवा, पुडी बंद डबीत ठेवून तक्रारीसोबत द्या.

घाईने पिकवलेला आंबा बाहेरून सगळीकडे सारखा पिवळा आणि कोयीजवळ पांढरट, आंबट असतो. अढीतला हापूस एकसारखा रंगत नाही. पण कापल्यावर मध्येच स्पंजासारखा पांढरा भाग निघाला तर तो साका आहे, कार्बाइड नव्हे. तो दोष झाडावरचा, बाहेरून कोणालाच दिसत नाही. त्यासाठी विक्रेत्याशी भांडण्यात अर्थ नाही.

प्रश्न : स्टेशनबाहेर वडापाव अजून वर्तमानपत्रात देतात. चालतं का?
(कळवा)

नाही. पॅकेजिंगच्या 2018च्या नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला बंदी केली आहे. गरम तेलात छपाईची शाई सुटते. घरून डबा न्या.

प्रश्न : रव्याच्या बंद पाकिटात किडे निघाले, शिवाय वजनही कमी वाटतं. तक्रार कुठे करायची?
(वर्तकनगर, ठाणे)

दोन दोषांची दोन दारं आहेत. किडे अन्न व औषध प्रशासनाकडे, वजन आणि किंमत वैधमापनशास्त्र विभागाकडे. एकाच अर्जात दोन्ही लिहिलं तर तो टेबलांवर फिरत राहतो. दोन्हींसाठी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

रवा फेकू नका आणि डब्यातही ओतू नका. पाकीट आहे तसं झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे किडे वाढणार नाहीत आणि स्थिती टिकेल. फोटो काढा : बॅच क्रमांक, तारीख, 14 अंकी क्रमांक, शिवण आणि बिल. प्लास्टिकला टाचणीएवढी भोकं आहेत का, ते उजेडात धरून पाहा. भोकं असतील तर कीड बहुधा गोदामात किंवा दुकानात बाहेरून शिरली. पाकीट अखंड असेल तर अंडी बहुधा गिरणीतूनच आली. बॅच क्रमांक हाती असला की अधिकारी त्याच बॅचची दुसरी बंद पाकिटं उचलू शकतो, आणि खटला त्यावरच उभा राहतो. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. मालासाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.