फोटो दाखवला, पण दिला का?

प्रश्न : आजीच्या 80व्या वाढदिवसाला आम्ही घरचे 31 जण जमलो होतो. सगळ्यांच्या फोनवर मिळून साडेसहाशे फोटो निघाले आणि ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडले. त्यातला एक फ्रेम करावा म्हणून 12 इंची प्रिंट काढली, तर ती धूसर आली. फोनवर तोच फोटो छान दिसतो. चुकलं कुठं? आणि एवढे फोटो सगळ्यांना नीट द्यायचे कसे?

उत्तर : फोटो काढणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. ग्रुपवर आलेला फोटो ही मूळ फोटोची वाटेत लहान केलेली प्रत असते. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 4000 बाय 3000 ठिपके. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो साधारण 1600 बाय 1200 होतो, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा उरतो. फोनच्या पडद्याला तेवढा पुरतो, म्हणून फरक कळत नाही. चांगल्या प्रिंटला मात्र इंचाला 300 ठिपके धरतात. 1600 ठिपके 12 इंचांवर पसरले की इंचाला 133च येतात. धूसरपणा तिथून आला.

हे मी इतकं कळवळून सांगते त्याला कारण आहे. माझे वडील कॅमेरा समोर आला की चेहरा घट्ट करून बसायचे. एकदाच मावसभावानं त्यांना नकळत टिपलं : चष्मा कपाळावर, हातात वर्तमानपत्राची घडी, मान मागे टाकून हसतायत. फोटो ग्रुपवर आला, सगळ्यांना आवडला, आणि मूळ फोटो मागून घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. पुढे मावसभावाचा फोन पाण्यात पडून गेला. आता वडील नाहीत, आणि माझ्याकडे आहे ती ग्रुपवरची प्रत. मोठी करून बघितली की चष्म्याच्या काडीपाशी चौकोनी डाग दिसतात आणि भुवईचे केस एकमेकांत विरघळलेले. फोटो दाखवणं वेगळं आणि देणं वेगळं, हे मला त्या भुवईनं शिकवलं.

तुमचा मूळ फोटो अजून कुणाच्या तरी फोनमध्ये असणार. आजच त्यांना फोन करा. तो व्हॉट्सॲपवरच हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा; तसा पाठवला की फाइल आहे तशीच येते, आणि 2 जीबीपर्यंतची फाइल जाते. 2023पासून ‘एचडी’चाही पर्याय आहे. तो नेहमीच्यापेक्षा पुष्कळ बरा, पण फाइल लहान करण्यासाठी प्रत दाबलेलीच असते.

साडेसहाशे फोटोंसाठी मात्र एक सामायिक अल्बम करा. गूगल फोटोजमध्ये एकानं अल्बम उघडायचा, बाकीच्यांना त्यात जोडायचं आणि प्रत्येकानं आपापल्या फोनमधून फोटो टाकायचे. ग्रुपवरून उतरवलेले टाकू नका, नाहीतर पुन्हा तेच. टाकण्याआधी बॅकअपच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल क्वालिटी’ आहे ना, ते बघा. ‘स्टोरेज सेव्हर’ फोटो दाबतं. मोफत मिळणारी 15 जीबी जागा जीमेल आणि ड्राइव्हसकट असते, आणि 1 जून 2021पासून सगळे नवे फोटो त्यात मोजले जातात. एक फोटो 4 एमबीचा धरला तर साडेसहाशेंचे अडीच-पावणेतीन जीबी होतात, तेही वेगवेगळ्या खात्यांत वाटले जातात. आणखी एक : ज्यानं फोटो टाकला त्यानं तो काढला की अल्बममधूनही जातो. म्हणून जिवाभावाचे फोटो आपल्याकडे उतरवून ठेवा, आणि एक प्रत हार्ड डिस्कवर.

आणि निवड करा. साडेसहाशे फोटो कुणी बघत नाही. आजीचे डोळे उघडे आहेत, हात दिसतायत, शेजारी कोण बसलंय ते कळतंय, असे साठ निवडून ते अल्बमच्या सुरुवातीला लावा.

प्रश्न : बाळाच्या फोटोंच्या अल्बमची लिंक मी मैत्रिणींना दिली आहे. ती त्यांनी पुढे पाठवली तर? फोटोवरून घराचा पत्ता कळू शकतो का?

उत्तर : लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम उघडतो. तेव्हा शेअरिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन लिंक बंद करा आणि मैत्रिणींना एकेक करून, त्यांच्या खात्यानं जोडा. जुनी लिंक मग कुणाकडे गेली असली तरी तिच्यावरून अल्बम उघडणार नाही.

पत्त्याची शंका रास्त आहे. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेरा आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सोबत जाते. म्हणून वर सांगितलेली डॉक्युमेंटची युक्ती घरच्यांपुरती ठेवा. बाळाचे फोटो काढताना कॅमेऱ्याचं लोकेशन बंदच ठेवलेलं उत्तम. अल्बममध्येही लोकेशन दाखवण्याचं वेगळं बटण असतं, तेही बंद करा. मैत्रिणींना स्पष्ट शब्दांत सांगा, “पुढे पाठवू नका.” यात संकोच कसला?

प्रश्न : वडील 84 वर्षांचे. त्यांच्याकडे साधा फोन आहे, कुठलंही खातं नाही. नातवंडांचे फोटो त्यांना कसे दाखवू?

उत्तर : पेन ड्राइव्हमध्ये भरून टीव्हीला लावा. आयफोनवरचे फोटो असतील तर ते हेइक (HEIC) या फाइल-प्रकारातले असू शकतात. बऱ्याच टीव्हींवर ते उघडत नाहीत, म्हणून आधी जेपेगमध्ये बदलून घ्या. फाइलींची नावं 01, 02 अशी ठेवा, म्हणजे ओळीनं दिसतील. एका वेळी चाळीसच फोटो भरा आणि ते आपोआप पुढे सरकू देऊ नका. रिमोट वडिलांच्या हातात द्या. एखाद्या चेहऱ्यापाशी ते थांबतील, हा अगदी अमक्यासारखा दिसतो म्हणतील. तेव्हा शेजारी वही-पेन घेऊन बसा आणि फोटोच्या क्रमांकापुढे ते नाव लिहून घ्या.