शाल-नारळ कशाला?

प्रश्न : ताई, २२ फेब्रुवारीला आमच्या शाळेतल्या गाईड पथकाचा सत्कार करायचाय. काय करावं?

उत्तर : शाल-नारळ तेवढा नको, मुली घरी जाऊन आईला देतात! त्या दिवशी स्काउट चळवळ सुरू करणारे बेडन-पॉवेल आणि त्यांची पत्नी, दोघांचाही वाढदिवस. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउटांच्या मेळाव्यात मुली न बोलावता हजर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी गाईड चळवळ उभी राहिली. अशांच्या वारसदारांना खुर्चीवर नुसतं बसवता? सूत्रसंचालन, हिशेब, खिचडी त्यांच्यावरच सोपवा. मी सातवीत संघनायिका होते. माझी गाठ चुकली आणि रात्री तंबू कोसळला. बाई टॉर्च धरून उभ्या, हात मात्र लावला नाही. आम्हा सातजणींनीच तो परत उभारला. जमलं तर पुण्याचं ‘संगम’ दाखवा. गाईडचं हे जागतिक केंद्र १९६६ पासूनचं आहे. आधी विचारून मात्र जा.