मांस धुरावर शिजवायचा पहिला स्मोकर करतोयस? आधी पिंप नीट निवड

डिझाइन नंतर बघू, आधी पिंप. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे 200 लिटरची लोखंडी पिंपं मिळतात, पण आत काय भरलेलं होतं हे कळल्याशिवाय खिशात हात घालू नकोस. खाद्यतेलाचं घे, केमिकलचं फुकट मिळालं तरी नको. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको, वेल्डिंग करताना त्याचा धूर बाधतो.

बुचं लावलेल्या पिंपावर ग्राइंडर अजिबात चालवायचा नाही. आत जुन्या मालाची पेटणारी वाफ राहिली असेल तर ठिणगीने स्फोट होतो. दोन्ही बुचं काढ, आतून गरम पाण्याने स्वच्छ धू, काठोकाठ पाणी भरून वाफ घालव, मगच काप.

कापल्यावर आत लाकडं पेटवून जुना रंग पार जाळून टाक. हे काम सोसायटीच्या गच्चीवर नको, सेक्रेटरी दारात उभे राहतील. मग तारेच्या ब्रशने घासून आतून तेलाचा हात दे आणि रिकामंच तापव. आपल्या दमट हवेत तेलाशिवाय गंज चढलाच समज.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- खाली हवेची भोकं हवीत, कमीजास्त करता येतील अशी. वरचं धुराडं मात्र उघडंच ठेव. दाट पांढरा धूर कोंडला की मांस कडू होतं. पातळ, निळसर धूर हवा.
- प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर जाळू नकोस. आंब्याचं वाळलेलं लाकूड उत्तम.
- थर्मामीटर मांस ठेवायच्या जाळीच्या उंचीला लाव. 110 ते 120 अंश पुरे. सारखं झाकण उघडू नकोस!

सुरुवात चिकनच्या तंगड्यांनी कर. मटणाचं नंतर सांगतो.