लहानपणाच्या आठवणींचं पुस्तक वाचून इंग्रजी शब्द खरंच लक्षात राहतात का?

तुम्ही लिहिलंय की रोज वीस शब्दांची यादी पाठ करता, आठवडाभरात सगळं पुसलं जातं, आणि आता कुणीतरी सुचवलंय की यादी सोडा, कुणाचं तरी बालपणाचं आत्मचरित्र वाचा, तर खरंच फरक पडतो का. पडतो. मी दोन्ही करून बघितलंय म्हणून सांगते.

मी वाचलं ते हेलन केलरचं, १९०३ साली पुस्तक म्हणून आलेलं, द स्टोरी ऑफ माय लाइफ. एकोणीस महिन्यांची असताना आजारपणात तिची दृष्टी आणि ऐकणं दोन्ही गेलं, मग १८८७ च्या मार्चमध्ये अ‍ॅन सलिव्हन ही शिक्षिका घरी आली आणि तिच्या तळहातावर बोटांनी अक्षरं काढून एकेक शब्द शिकवायला लागली. म्हणजे पुस्तकच मुळात शब्द कसे कळत गेले याचं आहे, त्यामुळे शब्द शिकायला बसलेल्या माणसाला ते फार जवळचं वाटतं.

चौथ्या प्रकरणात एक प्रसंग आहे. ‘मग’ (mug) म्हणजे भांडं आणि ‘वॉटर’ म्हणजे त्यातलं पाणी, हे काही केल्या हेलनला वेगळं करता येत नाही. तिथे कन्फाउंड असा शब्द येतो. मला तोपर्यंत कन्फ्यूज माहीत होता, हा नव्हता, पण डिक्शनरी उघडायची गरजच पडली नाही, कारण समोर दिसतंय की ती दोन्हींची गल्लत करतेय. शिकवणारी पुन्हा पुन्हा तेच करून घेते म्हणून चिडून ती नवी बाहुली जमिनीवर आपटते, आणि शिक्षिका ते तुकडे झाडून हार्थच्या एका बाजूला सारते. हा हार्थ काय ते मला कळेना. खोलीतली कुठलीतरी जागा असेल एवढं धरून मी पुढे गेले. मग त्या दोघी बाहेर पंपापाशी जातात, हातावर गार पाण्याची धार पडते आणि दुसऱ्या हातावर वॉटर हा शब्द, आणि हेलनला पहिल्यांदा कळतं की प्रत्येक वस्तूला नाव असतं. परत घरात आल्यावर तिला बाहुली आठवते, ती चाचपडत पुन्हा त्याच हार्थपाशी जाते, तुकडे उचलते, जोडायला बघते, ते जुळत नाहीत, आणि आपण काय केलं ते कळून तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

तेव्हा मी अर्थ बघितला. घरात शेक घ्यायला विस्तव पेटवतात त्या जागेची जमीन. स्पेलिंगमध्ये हिअर दिसतो पण उच्चार हार्थ, हार्टसारखा. हा शब्द मी कधी पाठ केला नाही आणि विसरलेही नाही, कारण तो माझ्याकडे त्या तुकड्यांसकट आलाय. यादीतला शब्द एकटाच येतो, त्याला धरून ठेवायला काहीच नसतं.

दुसरं म्हणजे अशा पुस्तकात माणसं, घर, वस्तू त्याच त्याच असतात, त्यामुळे शब्द परत परत भेटतात. एकदा भेटून शब्द राहत नाही हो, बऱ्याच वेळा वेगवेगळ्या वाक्यात भेटला की राहतो. आणि लहान मूल जसं मोठं होतं तसे शब्दही मोठे होतात. आधी बाहुली, पाणी, मग पुढे थिंक सारखा हाताला न लागणारा शब्द. हेलन मणी ओवत असते, चुकतंय म्हणून थांबून विचार करते आणि नेमकं तेव्हाच शिक्षिका तिच्या कपाळाला बोट लावून थिंक लिहिते!! अमूर्त शब्दाचा अर्थ इतका नीट मला कुठल्या डिक्शनरीत मिळाला नव्हता.

आता कसं वाचायचं ते. एका बैठकीत एक प्रकरण, मध्ये डिक्शनरी नाही, अडलेल्या शब्दाखाली फक्त पेन्सिल. प्रकरण संपलं की जे शब्द दोनदा आले किंवा ज्यांच्यामुळे प्रसंगच कळला नाही तेवढेच बघायचे, बाकीचे खुशाल सोडून द्यायचे. वहीत अर्थ नाही लिहायचा, प्रसंग लिहायचा, म्हणजे हार्थसमोर "बाहुलीचे तुकडे" एवढंच. दुसऱ्या दिवशी तो प्रसंग बघून शब्द आठवायचा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. ही अंतर ठेवून उजळणी फार महत्त्वाची आहे, ती टाळली तर पुस्तकातले शब्दसुद्धा जातात.

पुस्तक निवडताना मात्र घाई करू नका. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली दाखवलं होतं की दुसऱ्याच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची तर साधारण ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नासात एक नवा. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच. मधलं कुठलंही पान उघडून मोजा, दहा-पंधरा अडले तर ते पुस्तक आत्ता नको, वर्षभराने घ्या, अर्थाचा अंदाजच बांधता येत नसेल तर नुसती दमछाक होते.

हेलन केलरचं इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांब आहेत, तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द बोलण्यात वापरायला जाऊ नका. मी वहीत दोन भाग केलेत, एक वाचताना कळले तरी पुरे असे शब्द, आणि दुसरा स्वतः वापरायचे ते. हार्थ पहिल्यात, कन्फाउंडही पहिल्यातच. पंपाच्या प्रसंगात पाण्यासाठी आलेला गश, म्हणजे भळाभळा वाहणं, तो मी दुसऱ्यात घेतला आणि आता सहज वापरते.

पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट आहे. आधी चौथं प्रकरण उघडून पाच शब्दांची मोजणी करा, जमतंय वाटलं तर मग पहिल्यापासून सुरू करा.