पिनकोडपासून सुरुवात कर

हे बघ भो, मोठ्या आकड्याचे मूळ अवयव पाडायचे म्हटलं की लगेच २, ३, ५, ७ करत वर्गमुळापर्यंत पळत सुटू नको. नंदुरबारचा पिनकोड घे: ४२५४१२. शेवटचे दोन अंक १२, म्हणून ४ ने भाग जातो. अंकांची बेरीज १८, म्हणून ९ नेही. केळीच्या घडाची एकेक फणी उतरवावी तसं भागत जा: १,०६,३५३, मग ११,८१७. याचीही बेरीज १८! पुन्हा ९, उरले १,३१३. ते तर डोळ्यालाच दिसतं, १३ × १०१. (१०१ ची कसोटी मला फार आवडते: मूळ आकड्याच्या दोन-दोन अंकांच्या जोड्या पाड, आळीपाळीनं वजा-अधिक कर, ४२ − ५४ + १२ = ०, म्हणजे भाग जातो.)

म्हणजे २² × ३⁴ × १३ × १०१. घातांकांत एकेक मिळवून गुण: ३ × ५ × २ × २, विभाजक ६०. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज ७,८४,१०४, मूळ आकड्याहून जास्त. म्हणून ही विपुल संख्या. अंकांच्या बेरजेनं, म्हणजे १८ ने, निःशेष भाग जातो, म्हणून हर्षद संख्यासुद्धा. हे नाव देवळालीच्या गणितज्ञ कापरेकर मास्तरांनी दिलेलं.

आता जळगावचा ४२५००१ कर. ३ निघाल्यावर १,४१,६६७ उरतील. त्याला ७, ११, १३ काहीच लागत नाही, तिथं वही भरेल.